डोंगरी सायकलीचे सुटे भाग : वर्धा जिल्ह्याच्या भूमीवरील निवड आणि घरगुती निगा

१. प्रास्ताविक

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या स्पर्धेच्या अटींपैकी सुताच्या उत्पादनाची अट सर्वांच्या स्मरणात राहते. परंतु अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी अट निराळीच आहे. यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, वेळच्या वेळी निगा राखल्यास ते किमान वीस वर्षे चालावे, आणि निगेचा वार्षिक खर्च मूळ किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये, असे त्या योजनेत स्पष्ट म्हटले होते. यंत्राची निगा ही त्याच्या विक्रीनंतरची बाब नसून रचनेचाच एक घटक होय, हा विचार त्या अटीमागे दिसतो. ज्या वर्धा शहरात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९३८ साली मगन संग्रहालय उघडले गेले, तेथील वाचकास हा विचार नवा वाटू नये.

माउंटन बाईक ह्या नावाने विकल्या जाणाऱ्या सायकलीला, म्हणजे ह्या लेखापुरती जिला आपण डोंगरी सायकल म्हणू तिला, हाच निकष लावता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ह्या सायकलीचा जन्मच निगेच्या एका अडचणीशी निगडित आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरण्याच्या शर्यती लावू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागील हबमध्येच असे. एका उतरणीतच तो इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या शर्यतीस ‘रिपॅक’ हेच नाव पडले. पुढे ह्या प्रकाराची कारखानदारी वाढली, १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला, आणि सुट्या भागांच्या जाती अगणित झाल्या. निवडीचा प्रश्न येथून निर्माण होतो.

२. भूमी आणि हवामान

भाग निवडताना प्रथम विचार करावयाचा तो भूमीचा. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. उत्तरेस आष्टी, कारंजा व आर्वी ह्या तालुक्यांत गरमसूर परिसरातील टेकड्या आहेत. दक्षिणेस हिंगणघाट, समुद्रपूर व देवळीकडे कपाशीची काळी सपाट जमीन पसरलेली आहे. बेसाल्टाची झीज होऊन टेकड्यांवर मुरूम आणि सखल भागात काळी माती तयार होते. मुरुमाचे कण खरखरीत असल्याने ते धातू घासतात. काळ्या मातीतील चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात. ही माती चाकाला चिकटत जाते आणि टायर व फोर्क ह्यांच्या मधल्या जागेत दाटून चाक अक्षरशः थांबविते. वाळल्यावर तीच माती विटेसारखी कठीण होते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे येथे नवलाचे नाही. ह्यांच्या जोडीला बाभळीचे काटे आणि सराटे आहेत. ह्या चार गोष्टींचा, म्हणजे चिखल, खर, उष्णता व काटे ह्यांचा, विक्रीच्या माहितीपत्रकात उल्लेख नसतो. आणि येथील सायकलीचे आयुष्य तर त्याच ठरवितात.

३. चाक व टायर : जुळणीचा प्रश्न

टायरवर छापलेला इंचांचा आकडा फसवा असतो. जुन्या काळ्या सायकलीच्या २८ इंची टायरची कडा ज्या रिमवर बसते, तिचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. डोंगरी सायकलीच्या २९ इंची टायरचा मात्र ६२२ मिलिमीटर. म्हणजे ‘२९’ हे माप ह्या बाबतीत ‘२८’हून लहान आहे. ‘२६ इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांतही ५५९ आणि ५९० मिलिमीटर अशी न जुळणारी मापे आढळतात. ह्यावर उपाय एकच. टायरच्या बाजूस ‘५४-५५९’ अशा पद्धतीची जोडसंख्या कोरलेली असते. तिच्यातील पहिला आकडा रुंदीचा व दुसरा कडेच्या व्यासाचा असतो. दुकानात दुसरा आकडा सांगावा, इंच सांगू नयेत.

रुंदीबाबत असे दिसते की काळ्या मातीसाठी सर्वांत रुंद टायर सर्वांत चांगला असतोच असे नाही. टायर व फोर्क ह्यांमध्ये बोट सहज फिरेल एवढी जागा न राहिल्यास चिखल अडकतो. खोल परंतु विरळ गाठींचा टायर फिरता फिरता माती झटकून टाकतो. दाट गाठींचा टायर ती धरून ठेवतो.

हवेच्या दाबाचाही विचार आवश्यक आहे. सकाळी २५ अंशांवर ३० पौंड दाब भरलेली सायकल उन्हात ठेवून टायर ६० अंशांपर्यंत तापल्यास वायूंच्या नियमानुसार तो दाब सुमारे ३५ पौंडांवर जातो. म्हणून उन्हाळ्यात कमाल मर्यादेपर्यंत हवा भरणे टाळावे. काट्यांवर जाड ट्यूब हा साधा उपाय होय. ट्यूबविरहित टायरात घालावयाचे रबरी द्रव छिद्रे आपोआप बुजविते, परंतु आपल्याकडील उन्हाळ्यात ते लवकर सुकते. ते दर दोन-तीन महिन्यांनी तपासण्याची तयारी नसेल, तर ट्यूब, सोल्यूशन आणि ठिगळ हीच व्यवस्था अधिक भरवशाची ठरते.

४. साखळी : झिजेचे मापन

घरगुती निगेत पट्टीने अचूक मोजता येईल असा भाग म्हणजे साखळी, अर्थात चेन. जगातील जवळजवळ सर्व सायकलींच्या चेनमधील दोन खिळ्यांचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक खिळा व त्याभोवतीचा भाग थोडा थोडा झिजतो आणि त्या झिजांची बेरीज लांबीत प्रकट होते. नव्या चेनमध्ये २४ अंतरांची लांबी बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. पोलादी पट्टीचे शून्य एका खिळ्याच्या मध्यावर धरून पंचविसावा खिळा कोठे येतो ते पाहावे. हे अंतर ३०६.३ मिलिमीटर झाल्यास झीज अर्धा टक्का होय. ११ व १२ दात्यांच्या गियरची चेन ह्या टप्प्यावर बदलावी. ८ ते १० दात्यांच्या गियरसाठी पाऊण टक्का, म्हणजे सुमारे ३०७.१ मिलिमीटर, ही मर्यादा धरता येते.

हे मोजमाप टाळण्याचे परिणाम दुहेरी आहेत. लांबलेली चेन मागील कॅसेटच्या दातांना आकड्यासारखा आकार देते. मग नवी चेन आणून बसविली, तरी ती जुन्या दातांवर धरत नाही. चढावर उभे राहून पेडल मारताना ती घसरते आणि स्वार पडतो. तेव्हा चेनबरोबर कॅसेटही, आणि कधी कधी पुढील चेनव्हीलही, बदलावे लागते. पाच टक्क्यांची मर्यादा बहुधा येथेच ओलांडली जाते. चेनची निवड करताना गियरच्या दात्यांची संख्या सांगणे अत्यावश्यक आहे, कारण संख्या वाढते तशी चेनची बाहेरील रुंदी कमी होत जाते; ८ दात्यांसाठी ती सुमारे ७.१ मिलिमीटर, तर ११ दात्यांसाठी सुमारे ५.५ मिलिमीटर असते. कमी दात्यांची रुंद चेन स्वस्त असते आणि सहज मिळते. आपल्या जिल्ह्यातील चढांचे स्वरूप पाहता ८ किंवा ९ दात्यांची योजना पुरेशी आहे.

५. वंगण

वंगण हा शब्द आपल्याकडे बैलगाडीच्या कण्याच्या संदर्भात परिचित आहे. तेथे घट्ट, चिकट पदार्थ चालतो. चेनला तो चालत नाही, कारण चिकट थरावर मुरुमाची धूळ बसून घासणारी लुकणीच तयार होते. घरात सहज सापडते म्हणून जवसाचे तेल घालणे विशेष अहितकारक आहे. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट पापुद्र्यात रूपांतरित होते. रंगकामात ते वापरतात ते ह्याच गुणामुळे. गाडीतून काढलेल्या जुन्या इंजिन ऑइलमध्ये काजळी व धातूचे कण असतात, म्हणून तेही वर्ज्य करावे.

चेन रॉकेलने अथवा त्यासारख्या द्रावणाने धुऊन पूर्ण वाळवावी आणि मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल सोडावे. काही वेळाने बाहेरचे सर्व तेल फडक्याने पुसून टाकावे. तेलाची गरज आतील खिळ्याला असते, बाहेरच्या पत्र्याला नसते. कोरड्या ऋतूत मेणयुक्त पातळ वंगण आणि पावसाळ्यात पाण्याने न धुपणारे जाड वंगण, असा ऋतुभेद पाळावा. धुण्याचे काम विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत करावे.

६. ब्रेक

स्वार व सायकल ह्यांचे एकत्रित वजन ८५ किलो धरल्यास १०० मीटर उंची उतरताना सुमारे ८३ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पाव लिटर पाणी उकळीस आणण्यास एवढी ऊर्जा पुरते. हवेचा विरोध वजा जाता तिचा मोठा भाग ब्रेकला शोषावा लागतो. म्हणून ब्रेकची निवड ही हौसेची बाब नव्हे.

रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमध्ये खर अडकून रिमच घासली जाते. तिच्या बाजूस पट्टी लावून पाहिल्यास खळगा दिसतो. तो खोल झालेला असल्यास रिम बदलावी, कारण हवेच्या दाबाने ती फाटू शकते. चिखलाच्या प्रदेशात डिस्क ब्रेक श्रेयस्कर होय. त्यातही तारेवर चालणारा डिस्क ब्रेक घरी दुरुस्त करण्यास सोपा असतो, कारण तार व तिचे वेष्टण तालुक्याच्या दुकानातही मिळू शकते. द्रवावर चालणारा ब्रेक अधिक हलका व जोरकस असतो. परंतु त्यात कोणते द्रव आहे हे जाणणे अनिवार्य आहे. काही ब्रेक खनिज तेलावर, तर काही डॉट वर्गाच्या ग्लायकॉलयुक्त द्रवावर चालतात. एकाच्या जागी दुसरे भरल्यास आतील रबरी कड्या फुगून निकामी होतात आणि ब्रेक अवचित जातो. तबकडीवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते. ती कॅलिपरने मोजावी. राळयुक्त पॅड ओल्या खरीत लवकर संपतात. धातुयुक्त पॅड अधिक टिकतात, मात्र ते आपल्या तबकडीस चालतात की नाही हे तिच्यावरील सूचनेवरून पाहावे. तबकडीला व पॅडला तेलाचा हात लागू देऊ नये.

७. बेअरिंग व आटे

हबमध्ये दोन पद्धती आढळतात. कप-कोन पद्धतीत सुटे छर्रे असतात. सर्वसाधारणतः मागील हबमध्ये प्रत्येक बाजूस पाव इंची नऊ आणि पुढील हबमध्ये तीन-षोडशांश इंची दहा. पातळ पाना, रॉकेल व लिथियम ग्रीस एवढ्या साधनांवर हे काम घरी होते. दुसऱ्या पद्धतीत बंदिस्त बेअरिंग असते. त्यावरील क्रमांक टिपून घ्यावा. उदाहरणार्थ, ६९०२ ह्या क्रमांकाचे बेअरिंग १५ मिलिमीटर आतील व्यासाचे, २८ मिलिमीटर बाहेरील व्यासाचे आणि ७ मिलिमीटर रुंदीचे असते. सायकलीच्या दुकानात ते न मिळाल्यास यंत्रांच्या बेअरिंगांच्या दुकानात मिळू शकते. दोन्ही पद्धतींचा शत्रू एकच, तो म्हणजे जोराने मारलेला पाण्याचा फवारा. चिखल वाळण्यापूर्वी बादलीतील पाण्याने हलकेच धुणे इष्ट.

आट्यांबाबत एक नियम ध्यानात ठेवावा. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, तसेच प्रचलित इंग्लिश पद्धतीच्या तळाच्या आसाचा उजवा कपही उलट्या आट्यांचा असतो. फिरत्या भाराखाली खिळा आपल्या भोकात हळूहळू विरुद्ध दिशेने सरकत फिरतो. त्या गतीने तो सुटू नये म्हणून ही योजना आहे. बळ लावून चुकीच्या दिशेने फिरविल्यास क्रँकचेच आटे तुटतात. बसविताना आट्यांना थोडे ग्रीस लावल्यास पावसाळ्यानंतरही ते सहज सुटतात.

८. निगेचा क्रम आणि समारोप

प्रत्येक फेरीपूर्वी हवा, ब्रेक व चाकांची पकड पाहावी. आठवड्याने चेन पुसून आवश्यक तर तेल द्यावे. महिन्याने चेनची लांबी, पॅडची जाडी आणि आऱ्यांचा ताण तपासावा. चाक डुलत असल्यास आउट काढावा. पावसाळा संपताच हब, हँडलची बेअरिंगे आणि तारा एकदा खोलून साफ कराव्यात. पुढील फोर्क स्प्रिंगचा असेल, तर त्याच्या नळ्या प्रत्येक वेळी पुसाव्यात. हलक्या प्रतीचा स्प्रिंगचा फोर्क वजन वाढवितो आणि निगाही मागतो, म्हणून सपाट पांदणीवर हिंडणाऱ्यास साधा, ताठ फोर्कच पुरेसा आहे.

ह्या विवेचनातून तीन कसोट्या निष्पन्न होतात. भाग मापाने जुळणारा असावा. तो येथील चिखल, खर, उष्णता व काटे ह्यांत टिकणारा असावा. आणि त्याची झीज स्वाराला स्वतः मोजता आली पाहिजे. वजनाने हलका आणि किमतीने भारी असा भाग ह्या तिन्हींत उतरेलच असे नाही. तीस हजार रुपयांच्या सायकलीस पाच टक्के म्हणजे वर्षाला दीड हजार रुपये होतात; ही मर्यादा पाळली जाते किंवा नाही, हे वहीत खर्च लिहिल्याखेरीज कळणार नाही. त्याच वहीत अंतर व चेनची लांबीही टिपली, आणि गरमसूरच्या मुरुमावर व हिंगणघाटच्या काळ्या मातीत चालणाऱ्या सायकलींच्या अशा नोंदी दोन पावसाळे ठेवल्या, तर कोणती भूमी धातू किती वेगाने खाते ह्याचे उत्तर प्रत्यक्ष मापांतून मिळेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हाती घेण्याजोगा, पट्टी व वही एवढ्याच साधनांवर होणारा, असा हा अभ्यास आहे.