काचेतल्या समुद्राचा जमाखर्च

रविवारची सकाळ होती. हातात चहाचा कप, मांडीवर पेपर आणि समोर दोनशे लिटरची काचेची टाकी. केर काढता काढता सौभाग्यवती टाकीपाशी थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या समुद्राला बुरशी आली वाटतं!"

पाहतो तर खरेच. कालपर्यंत पांढरीशुभ्र असलेली वाळू तपकिरी झाली होती, काचेवरही त्याच रंगाचा पातळ थर धरला होता. ती बुरशी नव्हती, शेवाळ होते. आणि त्यापासून माशांना काडीचाही धोका नव्हता. पण हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी बाह्या सरसावल्या, आणि त्याची किंमत दोन जिवांनी मोजली.

माझ्या पिढीच्या मुंबईकराला समुद्रातले रंगीत मासे पहिल्यांदा दाखवले ते तारापोरवाला मत्स्यालयाने. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयात आईचा हात धरून मी कितीदा गेलो असेन! तेव्हापासून मनात होते की आपल्या घरी असा एक समुद्र असावा. बँकेतल्या नोकरीत आणि दोन खोल्यांच्या संसारात ते जमले नाही. निवृत्तीनंतर लेकीने टाकी आणून दिली आणि वर बजावले, "बाबा, हे गोड्या पाण्यातल्या गप्पींसारखं नाही हं. इथं मासे पाळायचे नसतात, पाणी पाळायचं असतं."

वाक्य ऐकायला छान वाटले. अर्थ कळायला वर्ष गेले.

माझी पहिली सूचना अस्सल मध्यमवर्गीय होती. समुद्र दहा मिनिटांवर असताना मीठ विकत कशाला आणायचे? दादर चौपाटीवरून चार कॅन भरून आणू! लेक म्हणाली, "बाबा, त्या पाण्यात तुम्ही पाय तरी बुडवाल का?" शहराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या किनाऱ्याचे पाणी टाकीला चालत नाही. पावसाळ्यात तर त्याचा खारेपणाही उतरतो. बरे, स्वयंपाकघरातले मीठ घालावे, तर ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या क्षारांत त्याचा वाटा सुमारे ८५ टक्के. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे बरेच काही असते आणि जीव त्यावरच तगतात. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले मीठच घ्यावे लागते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे आमच्या टाकीला सात किलो. ते विरघळवायचे तेही नळाच्या पाण्यात नव्हे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट असू शकते. आणि हे सगळे शेवाळाचे खत. त्यामुळे आरओ यंत्रातून आणि पुढे रेझिनच्या नळीतून गाळलेले, क्षार जवळजवळ शून्यावर आणलेले पाणी वापरायचे. घरातल्या पिण्याच्या यंत्रात चवीसाठी खनिजे परत मिसळत असतील, तर ते पाणीही नको.

पाणी तयार झाले म्हणजे मासे सोडता येतात असेही नाही. माशाच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या वर असल्याने तो इथे गोड्या पाण्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. दगडांच्या छिद्रांत आणि गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. दही लागायला जसे विरजण आणि वेळ लागतो, तसेच हे. फक्त रात्रीऐवजी चार ते सहा आठवडे! तेवढे दिवस आम्ही रिकाम्या टाकीकडे बघत बसलो. पाहुणे विचारायचे, "मासे कुठं आहेत?" मी सांगायचो, "अजून पाणी लागतंय."

मग क्लाउनफिशची जोडी आली. नातीने त्यांना नावे दिली, शाळेतल्या मैत्रिणींना बोलावून दाखवले. आणि तीन आठवड्यांनी तो तपकिरी रविवार उजाडला.

मी दगड बाहेर काढले, गाळणीचा स्पंज काढला आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली ब्रशने लख्ख घासले. अर्धे पाणीही बदलले. टाकी पुन्हा चकाचक झाली. तीन दिवसांनी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, चौथ्या दिवशी दोन्ही गेले. लेकीने पाणी तपासले. अमोनिया! शेवाळ धुताना मी सहा आठवड्यांचे विरजणही क्लोरीनच्या पाण्याने मोरीत धुऊन टाकले होते. नातीने एवढेच विचारले, "आजोबा, तुम्ही तर साफ केलं होतं ना?" उत्तर देता आले नाही.

त्या तपकिरी शेवाळाला डायटम म्हणतात. नव्या टाकीतल्या सिलिकेटवर ते वाढते आणि सिलिकेट सरले की बहुधा आपोआप जाते. मी फक्त हात आवरायला हवा होता.

पुढे कळले की टाकीतले प्रत्येक शेवाळ म्हणजे एक चिठ्ठी असते. वाचता आली पाहिजे. हिरवे केसाळ शेवाळ म्हणते, पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट साचले आहे, खाणे जास्त होते आहे. वाळूवर लालसर बुळबुळीत चादर पसरली, तर ते खरे शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, पृथ्वीवरच्या अतिप्राचीन जीवांपैकी. प्रवाह मंद असतो आणि कचरा साठतो तिथे ते फावते. नळीने ओढून काढावे आणि पंपाची दिशा बदलावी. सर्वांत चकवणारे म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारे. पाणी फार स्वच्छ झाले, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले, की बरेचदा तेच माजतात. अति सोवळेपणही इथे मानवत नाही!

मी मूळचा बँकेतला माणूस. अखेरीस हे सगळे मला वहीत मांडल्यावरच उमगले. समजा, आठवडाभराच्या खाण्याने नायट्रेट दशलक्षात ५ भाग वाढते आणि आपण दर रविवारी १० टक्के पाणी बदलतो. तर तो आकडा चढत चढत ५० च्या आसपास जाऊन थांबतो. कारण तिथे दहा टक्के म्हणजे बरोबर ५, जेवढी जमा तेवढाच खर्च. पाणी तेवढेच बदलून खाणे निम्मे केले, तर तो हळूहळू २५ वर उतरतो. बाजारातल्या शेवाळ मारणाऱ्या बाटलीने ही वही बदलत नाही. मेलेले शेवाळ काढून टाकले नाही, तर ते टाकीतच कुजते आणि त्यातले खत पुन्हा जमेच्याच बाजूला येते. आता आमच्याकडे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे पडते. रविवारी वीस लिटर पाणी बदलतो. त्यासाठी सातशे ग्रॅम मीठ आदल्या रात्री विरघळवून ठेवतो. गाळणी धुवायची, तर टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात.

मुंबईच्या हवेचा हिशेब वेगळा. या माशांना २५-२६ अंश मानवते आणि मे महिन्यात आमची खोली ३२ वर असते. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. माठातले पाणी गार होते तोच न्याय. पण दमट हवेत माठ जसा रुसतो, तसा हा पंखाही. मग चिलरला पर्याय नाही. शिवाय उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरायची. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप मात्र हाताशी हवा.

शेवाळाशी समेट झाला आणि घरात रक्तबीज शिरला. एका ओळखीच्या शौकिनाने प्रेमाने दिलेल्या दगडावर नखाएवढे पारदर्शक फूल होते. ते एप्टेशिया, म्हणजे एक चिवट समुद्रपुष्प. मी ते चिमट्याने खरवडले. महिन्याभरात त्याची नऊ झाली! देवीच्या कथेतल्या रक्तबीजाच्या थेंबाथेंबातून नवा दैत्य उभा राहायचा; इथे तुकड्यातुकड्यातून नवे फूल उभे राहते. त्यावर उपाय तोडण्याचा नाही. पंप बंद करून शुद्ध चुन्याची घट्ट लापशी सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडायची, एका वेळी दोन-तीनच. नाहीतर पाण्याचा सामू चढतो. लाल रेघांची पेपरमिंट कोळंबीही त्यांना खाते.

माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणारा परजीवी याहून वाईट. तो माशावरून गळून वाळूत, दगडावर कोष करतो आणि त्यातून शेकडोंनी पिल्ले सोडतो. त्यावर चालणारे तांब्याचे औषध गोगलगायी-कोळंबीला मारते, म्हणून मुख्य टाकीत घालता येत नाही. आता नवा मासा येतो तो आधी महिनाभर वेगळ्या साध्या टाकीत राहतो. कोविडच्या काळात आपण सगळेच विलगीकरण शिकलो. माशाने काय पाप केले आहे?

ही धडपड जुनीच आहे. १८४६ साली ॲना थाइन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला घरी आणले. पंप नव्हते, पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज ते पाणी खिडकीशी उभी राहून या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. पुढे बाईंनी त्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि पाणी अधिक टिकू लागले. आजही जाणकार टाकीशेजारी वेगळ्या कप्प्यात मुद्दाम शेवाळ वाढवतात. ते नायट्रेट-फॉस्फेट खाऊन फोफावते. मूठभर उपटून फेकले की तेवढे खत घराबाहेर गेले. शेवाळ वाईट नसतेच. प्रश्न त्याच्या जागेचा.

ही जागा चुकली तर काय होते, याचा दाखला मोठा आहे. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खाली, समुद्रात एक चौरस मीटरभर हिरवे शेवाळ दिसले. मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवले जाणारे ते कॉलेर्पा टॅक्सिफोलिया. पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरले. २००० साली तेच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडले, तेव्हा तिथे ताडपत्रीखाली क्लोरीन कोंडून ते मारावे लागले. ते संपल्याची घोषणा व्हायला २००६ उजाडले. म्हणून टाकीतले काहीही, शेवाळ असो की नको झालेला मासा, खाडीत वा समुद्रात सोडायचे नाही. आणि समुद्रातले मन मानेल ते टाकीत आणायचे नाही. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आहेत. क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र तर आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेच विकसित केले आहे. तेव्हा घ्यायची तर हॅचरीत जन्मलेलीच जोडी घ्यावी.

आमच्याकडे तशी दुसरी जोडी आली, त्याला आता दीड वर्ष झाले. टाकीची पुढची काच मी पुसतो. मागच्या काचेवरचे हिरवे शेवाळ तसेच ठेवतो, गोगलगायींचे ते कुरण आहे. पाहुणे म्हणतात, "मागं जरा घाण दिसतेय."

परवा मला उत्तर द्यावे लागले नाही. खाण्याची चिमूट मोजून टाकत असलेली नातच म्हणाली, "घाण नाही ती. ती राहू द्यायची असते."