चाळिशी

आपल्या मराठी भाषेत 'चाळिशी' हा एकच शब्द दोन गोष्टींस लावितात. चाळीस वर्षांचे वय ही एक चाळिशी, आणि त्या वयाच्या सुमारास नाकावर येऊन बसणारा चष्मा ही दुसरी. ज्या कोणी हा शब्द प्रथम योजिला त्यास नेत्रशास्त्र ठाऊक नसेल; परंतु घरोघरी काय घडते हे त्याने नीट पाहिले होते, यात संशय नाही. विद्यार्थी म्हणतील, हा तर वडील मंडळींचा प्रश्न. तो आमच्या वार्षिकात कशाला? त्यांस आमचे उत्तर असे की, या विषयाची माहिती वडिलांइतकीच त्यांच्या मुलांसही उपयोगी पडणारी आहे. ते कसे, हे सांगण्यापूर्वी आमच्याच फजितीची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

गेली दोन वर्षे आम्ही आपल्या डोळ्यांखेरीज सर्वांस दोष देत होतो. क्रमिक पुस्तकांची छपाई पुसट झाली आहे, दिवे मंद आहेत, हल्लीची मुले अक्षर फार बारीक काढतात, अशी आमची नित्याची तक्रार असे. वर्तमानपत्र धरलेला हात दिवसेंदिवस लांब जात चालला होता. पण सकाळच्या उपासनेतील गीते पाठ असल्यामुळे पुस्तक नुसते हाती धरले तरी वेळ निभावून जाई. अशातच सहामाही परीक्षेचे निबंध तपासावयास आले. एका मुलाने 'माझे आजोबा' या विषयावर सुरेख निबंध लिहिला होता. त्यात चार ठिकाणी 'त्याच्या' असा एकेरी उल्लेख आम्हांस दिसला. आम्ही तांबड्या शाईने समासात लिहिले, 'वडील माणसांविषयी आदराने लिहावे', आणि तीन गुण कापिले.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो मुलगा टेबलापाशी घुटमळत उभा राहिला. हळूच म्हणाला, "सर, मी 'त्यांच्या' असेच लिहिले आहे. अनुस्वार आहे." त्यास रागे भरावे असे क्षणभर मनात आले. परंतु कागद खिडकीपाशी नेऊन, हात पुरता लांब करून पाहिला, तो चारही ठिकाणी टिंब जागच्या जागी होते! 'त्याच्या' आणि 'त्यांच्या' यांत अंतर एका टिंबाचे. पण सारा आदर त्या टिंबात असतो, हे आम्हीच वर्गात शिकवितो. कापिलेले गुण परत देता आले. आदर राखणाऱ्या मुलास अनादराचा ठपका दिला, तो मात्र नुसता खोडून पुसण्याजोगा नव्हता. आम्ही त्याच्यापाशी चूक कबूल केली आणि त्याच आठवड्यात नेत्रवैद्यांकडे गेलो.

आता या गोष्टीचे शास्त्र पाहू. डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते, आणि त्याच्याभोवती कंकणासारखा एक स्नायू असतो. दूरचे झाड पाहताना हा स्नायू सैल असतो व भिंग चपटे राहते. जवळचे अक्षर पाहावयाचे झाले की स्नायू आवळतो, भिंगास ताणून धरणारे तंतू ढिले पडतात, आणि भिंग आपल्या लवचिकपणामुळे फुगीर होते. त्यामुळे जवळून येणारे किरण डोळ्यातील पडद्यावर बरोबर एकत्र येतात. हे कार्य भिंगाचेच होय, हे इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग याने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले. त्याने आपल्याच डोळ्यापुढे पाणी धरून डोळ्याच्या बाह्य पृष्ठभागाची शक्ती जवळजवळ नाहीशी केली. तरी जवळचे व दूरचे पाहण्यासाठी डोळा बदल करीतच राहिला. पुढे १८५५ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने स्नायूच्या क्रियेचा उलगडा केला.

मग चाळिशीत बिघडते काय? उन्हाळ्यातील ताडगोळे आठवावेत. कोवळा ताडगोळा बोटाने दाबला तर दबतो. तोच जून झाला म्हणजे टणक होतो. आपल्या डोळ्यातील भिंगाचे असेच आहे. त्यात जन्मभर बाहेरच्या बाजूने नवे तंतू वाढत जातात, पण जुने गळून पडत नाहीत. शिवाय वयपरत्वे ते कठीण होत जाते. स्नायूने आज्ञा केली तरी भिंग पूर्वीसारखे फुगत नाही. यास प्रेसबायोपिया, म्हणजे वृद्धदृष्टी, असे नाव आहे.

हा बदल चाळिसाव्या वाढदिवशी एकाएकी होत नाही, तो बाळपणापासूनच चालू असतो. याचा पडताळा मुलांनी घरीच पाहावा. पुस्तक हळूहळू डोळ्यांजवळ आणावे, आणि अक्षर पुसट होऊ लागेल तेथे थांबून अंतर मोजावे. दहा वर्षांच्या मुलास सुमारे ७ ते ८ सेंटिमीटरांवरचे स्पष्ट दिसते. विसाव्या वर्षी हे अंतर सुमारे १० सेंटिमीटर होते, चाळिसाव्या वर्षी २२ ते २५, आणि पन्नाशीत सुमारे ४०. मनुष्य साधारणतः ३५ ते ४० सेंटिमीटरांवर पुस्तक धरतो. म्हणून तोट्याची वार्ता प्रथम चाळिशीनंतर कळते, आणि मग हात पुरत नाही!

सायंकाळी हा त्रास अधिक जाणवतो, यासही कारण आहे. उजेडात बाहुली बारीक होते व किरणांची निवड करते. अंधूक प्रकाशात ती मोठी होते आणि पुसटपणा वाढतो. जाड कागदास टाचणीने बारीक छिद्र पाडून त्यातून भर उजेडात वडिलांस अक्षर पाहावयास सांगावे. चष्म्यावाचूनही ते स्पष्ट दिसेल. दिव्यास दोष देणारे आम्ही अगदीच खोटे बोलत नव्हतो, एवढे समाधान या प्रयोगाने आम्हांस लाभले.

या विषयी काही गैरसमज फार रूढ आहेत. चष्मा लाविला म्हणजे डोळे आळशी होतात व नंबर वाढतो, असे पुष्कळ जण म्हणतात. नंबर वाढतो हे खरे. पण तो वयामुळे वाढतो, चष्म्यामुळे नव्हे. चाळिशीच्या आरंभी सुमारे एक, पन्नाशीत दोनच्या आसपास आणि साठीच्या सुमारास अडीचपर्यंत जाऊन तो बहुधा स्थिरावतो. चष्मा न लावणाऱ्याचे भिंगही तितकेच कठीण होते. डोळ्यांच्या व्यायामाने ते पुन्हा मऊ होत नाही. ज्यांस लहानपणापासून दूरचे दिसत नाही, ते चाळिशीनंतर चष्मा काढून वाचतात आणि आपण सुटलो असे मानतात. वस्तुतः त्यांचेही भिंग कठीण झालेलेच असते. तसेच, चष्म्यावाचून न वाचणारे आजोबा वार्धक्यात एकाएकी वाचू लागले, तर आनंद मानून स्वस्थ बसू नये. वाढत्या मोतीबिंदूमुळे कधीकधी असे घडते.

यावर उपाय मात्र साधा आहे: बहिर्गोल काच. ती डोळ्यापुढे चष्म्याच्या रूपाने इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस आली. जोर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने १३०६ साली फ्लॉरेन्स येथील प्रवचनात सांगितले की, ही कला निघून अद्याप वीस वर्षेही झाली नाहीत. त्याच काळी पिसा येथे अलेस्सांद्रो देल्ला स्पिना नावाचा एक मठवासी होता. चष्मा प्रथम करणारा आपली युक्ती कोणास सांगेना. तेव्हा स्पिनाने स्वतः चष्मे करून ती विद्या आनंदाने सर्वांस दिली, अशी त्या मठाच्या बखरीत नोंद आहे. त्यापूर्वी लेखक, शिंपी, सोनार यांचा हात ऐन कौशल्यास येई, त्याच वयात त्यांचे डोळे त्यांस सोडून जात.

ही काच अद्याप सर्वांपर्यंत पोहोचलेली नाही, याचे मात्र वाईट वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जवळचे नीट दिसत नाही पण योग्य चष्मा मिळालेला नाही अशी माणसे जगात सुमारे ८२ कोटी ६० लाख होती. आसामातील चहाच्या मळ्यांत २०१७ साली एक पाहणी झाली. चाळीस वर्षे व त्यावरील ७५१ मजुरांचे दोन गट करून एकास जवळचे चष्मे दिले. चष्मेवाल्यांची रोजची पानतोडणी सरासरी २५ किलोवरून सुमारे ३५ किलोवर गेली. दुसऱ्या गटाची २६ वरून सुमारे ३१ वरच थांबली. रोजंदारीवर पोट असणाऱ्या घरात एवढा फरक किती मोठा, हे सांगावयास नको.

पालकांस आमची विनंती आहे की, चाळिशी उलटताच एकदा नेत्रवैद्यांकडून डोळे तपासून घ्यावेत. रस्त्यावरचा तयार चष्मा अक्षर दाखवील. पण काचबिंदू किंवा मधुमेहाने पडद्यास होणारी इजा आत चोरपावलांनी वाढत असेल, तर ती त्यास कळावयाची नाही.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. आई 'सुईत दोरा ओवून दे' म्हणू लागली, बाबा पत्र लांब धरून वाचू लागले, औषधाच्या पाकिटावरील अक्षरे पाहावयास आजी दाराशी उजेडात जाऊ लागली, तर हसू नका. त्यांस स्वतःस ते कळलेले नसते, किंवा कळूनही कबूल करवत नाही. जवळ जाऊन नम्रपणे सांगा. आमच्या त्या विद्यार्थ्याने आमचा उपहास केला नाही, की मनात अढी धरून तो गप्पही बसला नाही. "अनुस्वार आहे," एवढेच तो म्हणाला. आज हा लेख आम्ही चाळिशी लावून लिहीत आहो, आणि प्रत्येक टिंब आम्हांस स्वच्छ दिसत आहे.