सातत्यपूर्ण वितरण (सॉफ्टवेअर)

सातत्यपूर्ण वितरण ही सॉफ्टवेअर तयार करण्याची, तपासण्याची आणि वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवण्याची एक पद्धत आहे. इंग्रजीतील कन्टिन्युअस डिलिव्हरी या संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. या पद्धतीत प्रत्येक लहान बदल लगेच मूळ आज्ञावलीत मिसळला जातो, त्याची स्वयंचलित चाचणी होते आणि सॉफ्टवेअर कोणत्याही दिवशी प्रकाशित करता येईल अशा स्थितीत ठेवले जाते. प्रकाशन केव्हा करायचे, हा निर्णय मात्र माणसाकडे राहतो. चाचणीत उत्तीर्ण झालेला प्रत्येक बदल आपोआप प्रकाशित होत असेल, तर त्यास कन्टिन्युअस डिप्लॉयमेंट म्हणतात. या दोन संज्ञांची गल्लत नेहमी होते.

पार्श्वभूमी

पूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कित्येक महिन्यांनी निघत असे. आधी सर्व आज्ञावली लिहून होई, मग ती चाचणी विभागाकडे जाई आणि शेवटी एखाद्या रात्री सर्व बदल एकदम लागू केले जात. बिघाड झाला की शेकडो बदलांपैकी दोष कोणात आहे, हे शोधण्यातच दिवस जात. त्यामुळे प्रकाशनाची धास्ती वाटे, धास्तीमुळे ते आणखी लांबवले जाई, आणि लांबवल्यामुळे पुढचे प्रकाशन अधिकच मोठे व धोक्याचे होई.

हे चक्र उलटे फिरवण्याची कल्पना एकाएकी आलेली नाही. केंट बेक यांनी 1990च्या दशकात मांडलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग पद्धतीत बदल वारंवार एकत्र करण्यावर भर होता. 2001च्या अजाइल जाहीरनाम्याच्या तत्त्वांतही सातत्याने सॉफ्टवेअर पुरवण्याचा उल्लेख आहे. 2009 मध्ये जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी फ्लिकर या संकेतस्थळावर दिवसाला दहाहून अधिक वेळा बदल लागू होत असल्याचे एका परिषदेत सांगितले, तेव्हा अनेकांना ते अविश्वसनीय वाटले. पुढील वर्षी जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांचा 'कन्टिन्युअस डिलिव्हरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि संज्ञा रूढ झाली.

कार्यपद्धती

बदल नोंदवला गेला की तो टप्प्याटप्प्याने तपासला जातो. या साखळीस पाइपलाइन म्हणतात. प्रथम आज्ञावलीच्या सुट्या भागांच्या चाचण्या होतात. त्या संख्येने भरपूर व वेगवान असतात. त्यानंतर भाग परस्परांशी नीट जुळतात का ते पाहिले जाते आणि शेवटी वापरकर्त्याच्या दृष्टीने संपूर्ण प्रणाली चालवून पाहणाऱ्या मोजक्या चाचण्या होतात. माइक कोन यांनी या रचनेला चाचण्यांचा पिरॅमिड म्हटले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा पिरॅमिड उलटा आढळतो: वरच्या संथ चाचण्या शेकड्याने आणि पाया पोकळ. अशा ठिकाणी पाइपलाइन बसवली तरी वेग वाढत नाही.

यात चाचणी अधिकाऱ्याचे काम संपत नाही, ते आधी सुरू होते. काय तपासायचे हे आज्ञावली लिहिण्यापूर्वीच ठरवावे लागते.

चाचण्यांतून सुटलेला दोष सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचू नये, म्हणून नवी आवृत्ती प्रथम थोड्या वापरकर्त्यांना दिली जाते. कोळसा खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून नेल्या जाणाऱ्या पक्ष्यावरून यास कॅनरी प्रकाशन म्हणतात. ही पायरी गाळल्यास काय होते, हे 19 जुलै 2024 रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची सदोष फाइल जगभर एकाच वेळी पाठवली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्याआधी 1 ऑगस्ट 2012 रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली संस्थेच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवी आज्ञावली पोहोचली नव्हती. त्यावरील जुना, निरुपयोगी भाग जागा झाला आणि पाऊण तासात संस्थेचे 40 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

ई-पीक पाहणीचे उदाहरण

महाराष्ट्रात ही पद्धत सर्वसामान्यांच्या व्यवहाराशी कशी निगडित आहे, हे ई-पीक पाहणी या मोबाइल ॲपवरून समजते. महसूल व कृषी विभाग आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने हा प्रकल्प 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाला. गाव नमुना बारामधील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करत. ॲपमुळे शेतकरी स्वतः शेतात उभे राहून छायाचित्रासह ती करू लागले. 1 ऑगस्ट 2022 पासून आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूपासूनचे अंतर दाखवण्याची आणि 48 तासांत एकदा दुरुस्ती करण्याची सोय झाली, तसेच 10 टक्के नोंदींची तलाठ्यांकडून पडताळणी ठरवण्यात आली.

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातल्या अड्याळसारख्या धानपट्ट्यातील गावात या नोंदीचे मोल रोकडे आहे. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी सातबारावर धानाची नोंद लागते. ॲप चुकले, तर शेतकऱ्याचा खरेदी केंद्रावरचा हक्कच अडतो.

अशा ॲपच्या चाचण्या भूमीवरूनच ठरतात. बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर असेल, तर एकाच गटात दोन पिके नोंदता आली पाहिजेत. खरीप व रब्बीसोबत उन्हाळी धानाचा हंगामही असला पाहिजे. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि 100 आर म्हणजे एक हेक्टर. त्यामुळे 0.4 हेक्टर म्हणजे 40 आर. दशांशानंतरचा आकडा थेट आर समजणारी आज्ञावली त्याचे 4 आर करील आणि क्षेत्र दहापट घटेल. कऱ्हाडे, वऱ्हाडे अशा आडनावांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे भासतात आणि युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणानेही एक होत नाहीत. खातेदार नावाने सापडला नाही, तर दोष येथेही असू शकतो. या सर्व चाचण्या काही क्षणांत आपोआप होऊ शकतात. भर दुपारच्या उन्हात फोनचा पडदा वाचता येतो का, हे मात्र शेतात जाऊनच पाहावे लागते.

प्रकाशनाचा प्रश्न अधिक अवघड आहे. संकेतस्थळ बदलले की सर्वांना नवे रूप दिसते. मोबाइल ॲप प्रत्येकाच्या फोनवर वेगवेगळे अद्ययावत व्हावे लागते. जुना फोन, भरलेली मेमरी किंवा क्षीण नेटवर्क यांमुळे काहीजण जुन्याच आवृत्तीवर राहतात. म्हणून सर्व्हरला जुन्या व नव्या दोन्ही आवृत्त्यांची नोंद काही काळ स्वीकारावी लागते. गुगल प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती ठरावीक टक्के वापरकर्त्यांना देता येते आणि दोष दिसल्यास वाटप थांबवता येते, पण ज्यांच्या फोनमध्ये ती पोहोचली आहे तेथून ती परत घेता येत नाही. चढत्या क्रमांकाची दुरुस्त आवृत्तीच काढावी लागते. यासाठी नवी सोय आधी बंद ठेवून पाठवणे आणि सर्व्हरवरून ती काही तालुक्यांत सुरू करून पाहणे हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.

राज्यभरचा प्रारंभ आणि दुसरी आवृत्ती या दोन्ही तारखा ऐन खरिपातल्या आहेत. पाहणीचा हंगाम तोच असल्याने हे स्वाभाविक असले, तरी चाचणीच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत नाजूक असतो. रब्बी आणि उन्हाळी हंगामांत लहान लहान बदल वापरात आणून पाहिले, तर खरिपासाठी नवीन असे थोडेच उरते.

ॲपमधील दोष दुरुस्त झाला, तरी त्याने आधीच लिहिलेली चुकीची नोंद सातबारावर राहते. त्यामुळे प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या आवृत्तीने केली, याचा क्रमांक साठवणे आवश्यक असते. बाधित गट त्यावरूनच निवडून काढता येतात आणि धान केंद्रावर येण्यापूर्वी संबंधितांना कळवता येते.