संगणक जाल

संगणक जाल : दोन किंवा अधिक संगणक परस्परांशी माहितीची देवघेव करू शकतील अशा रीतीने तारा, प्रकाशीय तंतू वा रेडिओ तरंग यांच्या द्वारे जोडून तयार होणाऱ्या रचनेला संगणक जाल म्हणतात. येथे संगणक हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. खिशातील मोबाइल, बँकेचे पैसे देणारे यंत्र, रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरील यंत्र ही सर्व या दृष्टीने संगणकच होत. एका इमारतीपुरत्या जालाला स्थानिक जाल, तर शहरे वा देश जोडणाऱ्या जालाला विस्तृत जाल म्हणतात. निरनिराळ्या मालकीची व निरनिराळ्या बनावटीची असंख्य जाले एका समान नियमसंहितेने जोडली जाऊन जे जागतिक जाल बनले आहे, त्याला आंतरजाल किंवा इंटरनेट हे नाव आहे.

आंतरजालाचे एक वैशिष्ट्य सामान्यतः ध्यानात येत नाही. हे जाल कोणताही संदेश पोहोचविण्याची हमी देत नाही. संदेशाचा प्रत्येक तुकडा पुढे ढकलण्याचा ते प्रयत्न करते, एवढेच. तुकडा वाटेत हरवला, उशिरा पोहोचला किंवा दोनदा पोहोचला, तर त्याची जबाबदारी जालावर नसते; ती संदेश पाठविणाऱ्या व घेणाऱ्या संगणकांवर असते. या जालाची अफाट वाढ आणि त्याचे बहुतेक दोष या एकाच निर्णयातून उद्‌भवले आहेत.

पूर्वीच्या पद्धती : दूरध्वनीच्या जुन्या पद्धतीत बोलणाऱ्या दोन व्यक्तींमध्ये एक अखंड विद्युत् मंडल जोडले जाई. प्रथम हे काम दूरध्वनी केंद्रातील कर्मचारी हाताने करीत. पुढे ॲल्मन स्ट्रौजर (१८३९–१९०२) यांनी शोधलेल्या व तत्सम स्वयंचलित यंत्रणांनी ते होऊ लागले. संभाषण संपेपर्यंत तो मार्ग त्या दोघांसाठीच राखलेला असे. दोघेही गप्प राहिले, तरी तिसऱ्याला त्याचा उपयोग नसे. या पद्धतीत हमी होती. मार्ग एकदा मिळाला की तो टिकत असे. मात्र ती महाग होती. दोन संगणकांचे ‘संभाषण’ तर फारच तुटक असते. क्षणभर माहितीचा लोंढा येतो आणि मग बराच वेळ काहीच नसते. अशा वापरासाठी अखंड मार्ग राखून ठेवणे म्हणजे एका प्रवाशासाठी संपूर्ण आगगाडी अडवून ठेवण्यासारखे आहे.

तारखात्याची पद्धत वेगळी होती. तार मधल्या तारघरात उतरवून घेतली जाई, पुढचा मार्ग मोकळा होईपर्यंत ठेवली जाई व मग पुढे पाठविली जाई. येथे मार्ग कोणासाठीही राखलेला नसे. अडचण एवढीच की, एखादी लांबलचक तार मार्गावर असली, म्हणजे मागच्या चार शब्दांच्या तारेला तिष्ठत राहावे लागे.

पुडक्यांची पद्धत : लांब संदेशाचे लहान तुकडे केले, तर ही अडचण दूर होते. ही कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनमधील पॉल बॅरन (१९२६–२०११) यांच्यासमोर प्रश्न होता तो अणुयुद्धात काही केंद्रे नष्ट झाली, तरी उरलेल्यांमधील दळणवळण कसे चालू राहील हा; त्यांचे विवेचन १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीमधील डोनल्ड डेव्हिस (१९२४–२०००) यांना १९६५ च्या सुमारास एकाच महागड्या संगणकाचा अनेकांना सुलभ वापर कसा करता येईल, हा प्रश्न पडला होता. हेतू इतके भिन्न असूनही उत्तर एकच निघाले, हे लक्षणीय आहे. तुकड्यांना ‘पॅकेट’ म्हणजे पुडके हे नाव डेव्हिस यांनी दिले.

प्रत्येक पुडक्याच्या आरंभी प्रेषकाचा व ग्राहकाचा पत्ता असतो. निरनिराळे मार्ग जेथे मिळतात तेथे राउटर नावाचे खास संगणक असतात. राउटर पुडके आपल्या स्मृतीत घेतो, त्यावरील पत्ता पाहतो आणि जवळच्या तक्त्यावरून ते कोणत्या मार्गाने पुढे पाठवावयाचे हे ठरवितो. संपूर्ण मार्ग त्याला ठाऊक नसतो. फक्त पुढचा टप्पा ठाऊक असतो. वाट चुकलेली पुडकी जालात कायमची फिरत राहू नयेत म्हणून प्रत्येकावर एक अंक लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य होताच पुडके टाकून देतो. पुडक्याची लांबी सामान्यतः १,५०० बाइटपर्यंत असते. त्यामुळे मोबाइलवर काढलेले ३० लाख बाइटांचे एक छायाचित्र नागपूरहून पुण्यास पाठविले, तर त्याची दोन हजारांहून अधिक पुडकी होतात व ती सर्व एकाच वाटेने जातील असे नाही.

या पद्धतीवर आधारलेले आर्पानेट हे जाल अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका संशोधन संस्थेने उभारले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे ‘लॉगइन’ हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. त्याची पहिली दोन रोमन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. सुमारे तासाभराने संपूर्ण शब्द गेला. त्या वर्षअखेर या जालात चार संगणक होते.

हमी कोणी द्यावयाची : आर्पानेटमध्ये पुडकी सुरक्षित पोहोचविण्याची जबाबदारी जालाचीच होती. फ्रान्समधील सिक्लाद या जालाचे प्रवर्तक लुई पूझँ यांनी ती जालाकडून काढून टोकांच्या संगणकांवर सोपविली. व्हिंटन सर्फ (१९४३–    ) व रॉबर्ट कान (१९३८–    ) यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हीच दिशा स्वीकारली. उपग्रह, रेडिओ, तारा अशा परस्परांहून अगदी भिन्न माध्यमांवरील जाले जोडावयाची, तर त्या सर्वांकडून कमीत कमी अपेक्षा ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग होता. त्यातून निर्माण झालेली टीसीपी/आयपी ही नियमसंहिता आर्पानेटने १ जानेवारी १९८३ पासून अंगीकारली.

ही संहिता दोन भागांची आहे. आयपी हा भाग साध्या टपालासारखा होय. पत्त्याप्रमाणे पुडके पुढे टाकावे, पोच देऊ नये. टीसीपी हा भाग फक्त दोन टोकांच्या संगणकांत असतो व तो साध्या टपालातून रजिस्टर टपालाचे काम करून घेतो. प्रेषक प्रत्येक पुडक्यावर अनुक्रम व पडताळा घेण्याचा अंक घालतो. ग्राहक पुडकी अनुक्रमाने लावून घेतो, सदोष पुडके टाकून देतो व जेथपर्यंत मजकूर नीट मिळाला तेथपर्यंतची पोच पाठवितो. ठराविक वेळात पोच आली नाही, तर प्रेषक ते पुडके पुन्हा पाठवितो. मधल्या राउटरांना यातील काहीही माहीत नसते. म्हणूनच राउटर साधे, स्वस्त व वेगवान राहू शकले आणि कोणाचीही परवानगी न घेता टोकांना नवनवे उपयोग जोडता आले.

तथापि टोकांनी संयम पाळला नाही, तर काय होते याचा अनुभव लवकरच आला. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ या जेमतेम ३६५ मी. अंतरावरील दोन ठिकाणांमधील माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. तारा तुटल्या नव्हत्या व यंत्रेही बंद पडली नव्हती. गर्दीमुळे राउटरांच्या स्मृतीत जागा उरली नव्हती व पुडकी टाकून दिली जात होती; पोच न आल्याने प्रेषक तीच पुडकी पुन्हा पाठवीत होते; त्यामुळे गर्दी अधिकच वाढत होती. अरुंद दरवाजाशी प्रत्येकाने मागून रेटा द्यावा आणि परिणामी कोणीच बाहेर पडू नये, तसा हा प्रकार होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय टोकांनाच शिस्त लावणारा होता. प्रेषकाने थोड्या पुडक्यांनी आरंभ करावा, पोच येत राहील तसा वेग वाढवावा आणि पुडके हरवले की ती गर्दीची खूण समजून वेग एकदम कमी करावा. आजही जगभरची कोट्यवधी यंत्रे कोणत्याही मध्यवर्ती नियंत्रकाशिवाय याच तत्त्वावरील सुधारित रीती पाळतात. ही शिस्त मुख्यतः स्वेच्छेची आहे, हे विसरता कामा नये.

ध्वनीचे वहन : दूरध्वनीच्या अंकीय पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना आठ बिटांत मांडतात, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट होतात. पुडक्यांच्या पद्धतीत असा आवाज साधारणपणे ०·०२ सेकंदाच्या तुकड्यांत पाठवितात. येथे हरवलेले पुडके पुन्हा मागवून उपयोग नसतो. ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. म्हणून संभाषणासाठी पोच मागणारी पद्धत न वापरता हरवलेला तुकडा सोडून देतात किंवा आधीच्या आवाजावरून भरून काढतात. मोबाइलवर आवाज मधेच चिरकतो वा शब्द गळतात त्याचे एक कारण हे आहे. एका दिशेने सुमारे ०·१५ सेकंदाहून अधिक विलंब झाला, तर बोलणारे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये सुरू झालेल्या उपग्रह भू-केंद्रामार्फत परदेशाशी बोलताना असा अनुभव येई. सुमारे ३६,००० किमी. उंचीवरील उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास तरंगाला पाव सेकंद लागतो. प्रकाशीय तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किमी. असल्याने १०,००० किमी. अंतर ०·०५ सेकंदात कापले जाते.

पत्ते, नावे व मार्ग : मूळ योजनेत पत्ता ३२ बिटांचा होता. त्यामुळे सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य होते. १९८० च्या सुमारास ही संख्या अमर्याद वाटावी इतकी मोठी होती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांकडे संक्रमण सुरू असले, तरी अनेक यंत्रांनी एकच जुना पत्ता वाटून घेण्याची तडजोड सर्वत्र रूढ आहे. माणसांना अंक लक्षात ठेवणे कठीण, म्हणून नावांवरून पत्ते शोधून देणारी व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचली. त्यापूर्वी सर्व नावांची एकच यादी स्टॅनफर्ड येथे ठेवली जात असे.

मोठ्या जालांचे राउटर कोणते पत्ते आपल्यामार्फत गाठता येतील हे शेजारच्या जालांना कळवितात व शेजारी बहुतांशी त्यावर विश्वास ठेवतात. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीने यूट्यूब हे संकेतस्थळ देशापुरते बंद करण्यासाठी दिलेला खोटा मार्ग चुकून बाहेर पसरला आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात ते संकेतस्थळ मिळेनासे झाले. मार्गांची सत्यता तपासण्याच्या पद्धती नंतर आल्या, पण त्या सर्वांनी स्वीकारलेल्या नाहीत. पुडक्यातील मजकूरही मुळात पोस्टकार्डासारखा उघडा असतो. त्याला गुप्त लिपीचा लखोटा चढविण्याचे कामही टोकांच्या संगणकांनाच करावे लागते. बँकेचे व्यवहार त्यावरच अवलंबून असतात.

भारतातील जाल : शिक्षण व संशोधन यांसाठीचे अर्नेट हे जाल केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये हाती घेतले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व पाच भारतीय तंत्रविज्ञान संस्था त्यात सहभागी होत्या. सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या वेळी दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारा वेग सेकंदाला ९,६०० बिट असे. वर उल्लेखिलेले छायाचित्र त्या वेगाने पोहोचण्यास ४० मिनिटांहून अधिक वेळ लागला असता.

आरंभी एक विचित्र परिस्थिती होती. भारतातील दोन सेवादात्या कंपन्यांची जाले देशात परस्परांना नीट जोडलेली नसल्याने दादरहून ठाण्यास पाठविलेले पुडके पुष्कळदा परदेशातून फेरी मारून येई आणि त्याचे भाडे परकी चलनात द्यावे लागे. हे टाळण्यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन होऊन मुंबईसह काही शहरांत जालांची देवघेव केंद्रे सुरू झाली.

परदेशाशी होणारी बहुतेक देवघेव समुद्रतळावरील केबलींतून चालते, उपग्रहांतून नव्हे. ब्रिटनहून सुएझ व एडनमार्गे पहिली समुद्री तार मुंबईस १८७० मध्ये पोहोचली. युरोपकडे जाणाऱ्या आजच्या प्रकाशीय केबलीही बव्हंशी त्याच तांबड्या समुद्राच्या वाटेने जातात. कागदावर जालाला पर्यायी मार्ग अनेक असतात. प्रत्यक्षात ते एकाच अरुंद सामुद्रधुनीतून गेलेले असले, तर एकाच अपघातात तुटतात. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ मुंबईस येणाऱ्या दोन मोठ्या केबली तुटल्या आणि भारताच्या परदेशी दळणवळणाची क्षमता बरीच घटली. काही पुडकी पॅसिफिक महासागरामार्गे वळविली गेली. ती पोहोचली, पण उशिरा.

घरापाशी दुसरा एक बदल झाला आहे. जुन्या दूरध्वनीला लागणारी वीज केंद्रातील ४८ व्होल्टच्या विद्युत् घटमालेतून तारेवाटेच येत असे. त्यामुळे गावातील वीज गेली, तरी तो चालू राही. प्रकाशीय तंतू वीज वाहून नेत नाही. घरातील पेटीला स्थानिक वीज लागते, मोबाइलच्या मनोऱ्यालाही ती लागते आणि मनोऱ्याजवळचे घट काही तासच पुरतात. तारसेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पूर वा वादळाच्या वेळी निरोप धाडण्याचे जे मार्ग पूर्वी परस्परांहून स्वतंत्र होते, त्यांपैकी बहुतेक आता याच एका जालावरून व त्याच विजेवर चालतात.