देव मानणे आणि देवावर विश्वास ठेवणे

सातपुड्याच्या कुशीत आणि तापीच्या खोऱ्यात वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यात देवाचे अस्तित्व हा वादाचा विषय कधी नव्हताच. याहा मोगी देवीच्या दर्शनाला डोंगर उतरून जाणारा, कणसरीला धान्याची माउली मानणारा आणि नव्या पिकाचा पहिला घास देवाला दिल्यावाचून स्वतःच्या तोंडी न लावणारा येथील भिल्ल, मावची, पावरा वा कोकणा माणूस देव आहे हे कोणाकडून शिकला नाही. ते त्याला पावसाइतकेच स्वयंसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हा प्रदेश पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जात असताना, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक इकडे कार्य करू लागले, पुढे नवापूर तालुक्यात मंडळ्या उभ्या राहिल्या आणि चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय झाले. त्या मंडळ्यांतील आजची पिढी जन्मापासून प्रार्थना ऐकत वाढलेली आहे. आणि म्हणूनच, जेथे देव नाकारणारा कोणी नाही तेथे देवावर विश्वास ठेवणारे सगळेच असणार, हा समज तिच्यात सर्वाधिक रूढ आहे.

हा समज खरा नाही, आणि तो खरा नसल्याचे ख्रिस्ती शास्त्रच स्पष्टपणे सांगते. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा रोख असा आहे की एकच देव आहे हे भुतांनाही मान्य असते. त्या ज्ञानाने ती थरथर कापतात, परंतु तरत नाहीत. देव आहे हे मान्य करणे ही बुद्धीची संमती झाली, आणि ती आवश्यक आहे. पण ती दाराच्या उंबरठ्यापर्यंतच नेते. योहानाच्या शुभवर्तमानाची मूळ ग्रीक संहिता पाहिली तर एक विलक्षण गोष्ट आढळते: ‘विश्वास’ हे नाम त्या सबंध ग्रंथात एकदाही नाही, आणि ‘विश्वास ठेवणे’ हे क्रियापद मात्र शंभराच्या आसपास वेळा येते. लेखकाला एखादी वस्तू नव्हे, एक कृती सांगायची होती, हे यावरून उघड होते.

आपल्या मराठीने तर या बाबतीत फार मोलाचे साहाय्य केले आहे. आपण देवाला ‘मानतो’, पण विश्वास ‘ठेवतो’. आणि ठेवणे या क्रियापदाला कोणावर तरी आपला भार टाकण्याचा, आपल्या हातचे दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा अर्थ चिकटलेलाच आहे. रानातून मोळी घेऊन आलेली बाई ओट्यापाशी थांबते तेव्हा ओटा भक्कम आहे हे तिला ठाऊकच असते. परंतु मान हलकी होते ती मोळी ओट्यावर टेकल्यानंतर. ‘विश्वास’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘श्वस्’ धातूचा अर्थही श्वास घेणे असाच आहे, आणि ‘विश्वस्’ म्हणजे निर्धास्तपणे श्वास घेणे, निर्भय होणे. दर रविवारी उपासनेच्या शेवटी जो ‘आमेन’ आपण उच्चारतो, त्या हिब्रू शब्दाच्या मुळाशीही दृढ असणे, भार सोसण्यास समर्थ असणे हाच भाव आहे.

दुसरा गैरसमज बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशी निगडित आहे: नाव दप्तरी दाखल झाले की विश्वास पुरा झाला. त्याचे निराकरण करण्यास पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतका सबळ पुरावा मला महाराष्ट्रात दुसरा दिसत नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही विदुषी कन्या लहानपणापासून तीर्थे, व्रते आणि पुराणकथनात वाढली, दुष्काळात मातापित्यांना मुकली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय कोणाच्या भिडेने किंवा मोहाने झालेला नव्हता. तो अभ्यासाने आणि विवेकाने झालेला होता, आणि त्यानंतरही धर्मसिद्धांतांच्या बाबतीत त्या आपल्या इंग्रज शिक्षिकांशी पत्रोपत्री निर्भीडपणे वाद घालीत राहिल्या. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी जे लिहिले आहे ते प्रत्येक जन्मजात ख्रिस्ती माणसाने शांतपणे वाचावे असे आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्यांच्या कबुलीचा आशय आहे. आणि तो सापडण्यास बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली. तोवर त्यांनी ग्रंथ लिहिले होते, अमेरिकेत दौरे केले होते, १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापन केले होते. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला काहीही उणे दिसले नसते. याच काळात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले, आणि जो मनुष्य स्वतः व्यासपीठावरून उपदेश करीत होता त्यालाच विश्वासाची खरी ओळख पुढे झाली हे वाचून त्या अंतर्मुख झाल्या. आपल्या धर्माचरणाचा, विद्वत्तेचा आणि सत्कृत्यांचा आधार सोडून त्यांनी स्वतःला जसे आहोत तसे ख्रिस्ताच्या स्वाधीन केले.

या स्वाधीनतेचे फळ काय झाले हे सांगितल्यावाचून हा प्रसंग अपुरा राहील. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आश्रय दिला. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभे केले. देणगीचा शाश्वत भरवसा नसतानाही दारी आलेल्या मुलीला त्यांनी परत पाठवले नाही. विश्वास म्हणजे विचारशक्ती गहाण टाकणे, असे म्हणणाऱ्यांनी येथे हेही लक्षात घ्यावे की याच बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि १९२२ साली देहावसान होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.

नोंदवहीचा विषय निघालाच आहे तर कचेरीतील एका गैरसमजाचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. ख्रिस्ती झालेल्या आदिवासीचा जमातीचा दाखला आपोआप रद्द होतो, असे गावोगाव सांगितले जाते. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट घातलेली आहे हे खरे. परंतु त्याच वर्षीच्या अनुसूचित जमातींसंबंधीच्या आदेशात अशी अट नाही. दाखल्याच्या लोभाने विश्वास ठेवू नये आणि दाखल्याच्या भयाने तो लपवूही नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शंका आली की विश्वास संपला, या समजुतीने कित्येक तरुण मनातल्या मनात कुढत राहतात. शुभवर्तमानात आजारी मुलाला घेऊन आलेला बाप विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच श्वासात कबूल करतो, आणि येशू त्याला झिडकारीत नाही. मुलगा बरा होतो. मृगाच्या सरी पुढे पडतीलच अशी हमी नवापूरच्या शेतकऱ्याजवळ नसते, तरी भौगोलिक मानांकन मिळवलेली तिथली तूर पिकते ती कोणी तरी घरातले बियाणे मातीच्या स्वाधीन केले म्हणूनच. पेरताना त्याच्या मनात धाकधूक असते. तिच्यामुळे पेरणी खोटी ठरत नाही.

आता ज्या गैरसमजाने प्रत्यक्ष जीव जातात, त्याकडे वळतो. विश्वास पुरेसा असेल तर आजार बरा होतोच, आणि औषध घेणे हे अल्पविश्वासाचे लक्षण आहे, ही शिकवण काही प्रार्थनासभांतून दिली जाते. नवसाच्या जागी प्रार्थना आली, पण व्यवहार तोच राहिला: मी इतके दिले, तू इतके दे. ज्याच्याशी देवघेव चालते त्याच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. तेथे फक्त हिशेब ठेवावा लागतो. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली आणि तो काढला गेला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस कोण करील? त्याच पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, आणि त्याचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही, कारण येथील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हा आजार पापामुळे, शापामुळे किंवा डाकिणीमुळे होत नाही. आईवडिलांकडून आलेल्या रक्तदोषामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. पतिपत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. थेंबभर रक्ताने प्राथमिक तपासणी होते. फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि वैद्यांनी दिल्यास हायड्रॉक्सियुरिया नियमाने घेतल्यास रुग्णाचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

नवापूर तालुक्यातील एका पाड्यावर, पत्र्याच्या छपराखालची उपासना आटोपल्यावर, मी एका आजीला पाहिले. तिचा दहा-बारा वर्षांचा नातू गुडघे पोटाशी घेऊन सतरंजीवर बसला होता. आजीने पदराची गाठ दातांनी सोडली, कागदात गुंडाळलेली गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली, त्या तळहातावर आपला हात ठेवून डोळे मिटले आणि मावची बोलीत हळू आवाजात प्रार्थना केली; मग लोटा त्याच्या ओठांशी नेला. मुलगा त्या दिवशी बरा झाला नाही. पुढच्या रविवारी ती दोघे पुन्हा त्याच जागी बसलेली होती, आणि पदराला गाठ होती.

मंडळ्यांच्या पाळकांना माझी हात जोडून विनंती आहे: औषध बंद करा असे कोणत्याही रुग्णाला सांगू नका, बरा न झालेल्या माणसाला अविश्वासी म्हणू नका, आणि विवाहाची घोषणा उपासनेत वाचण्यापूर्वी वधूवरांची सिकलसेल तपासणी झाली आहे काय, हे एकदा विचारा.