दाढेसाठी सातासमुद्रांपार

डिसेंबरात आमच्या वस्तीतील एक लेक इंग्लंडहून तीन आठवड्यांच्या रजेवर माहेरी आली. ती तिकडे सरकारी रुग्णालयात नर्स आहे. बापाने गिरणीत पाळ्या केल्या, आईने लोकांची धुणीभांडी केली आणि पोरीला नर्सिंगला घातले. त्यामुळे ती आली की साऱ्या वस्तीला कौतुक असते. आम्हीही जयभीम करायला गेलो.

चिवड्याची बशी पुढे आली. पोरगी मात्र एकाच गालाने, सावकाश चावत होती. आम्ही विचारले, "काय गं, दात दुखतो का?"

"काका, त्याच्यासाठीच तर आली मी. सगळ्यांना सांगितलं आईला भेटायला आली, पण खरं म्हणजे दाढ घेऊन आली."

आईने कपाळाला हात लावला. "माय गं, लंडनात दाताचा डॉक्टर नाही का?" (लेक लंडनपासून बरीच दूर राहते, पण आमच्या वस्तीत सगळ्या इंग्लंडला लंडनच म्हणतात.)

डॉक्टर आहे, पण परवडणारा मिळत नाही. जूनमध्ये तिची दाढ ठणकू लागली. तिने गावातल्या अकरा दवाखान्यांत फोन केले. सरकारी दराने नवा प्रौढ पेशंट घ्यायला एकही तयार नव्हता. खाजगीत रूट कॅनाल आणि वरची कॅप मिळून चौदाशे पौंडांच्या आसपास अंदाज दिला. आपल्या पैशात दीड लाखाच्या वर! धाकट्या भावाच्या शिक्षणाचे कर्ज तीच फेडते. म्हणून सहा महिने रात्रपाळीत वेदनाशामक गोळ्या खाऊन तिने दुसऱ्यांना औषधे दिली. येताना विमान वर चढले तसा ठणका वाढला. किडलेल्या दातात हवा अडकली असेल तर विमानातील दाब बदलताच असे होते, हे तिला ठाऊक होते. ठाऊक असून करणार काय?

ज्या देशात सरकारी आरोग्यसेवेचा एवढा गवगवा आहे, तिथे हे कसे, असा प्रश्न आम्हाला पडला. शोधू लागलो तेव्हा एक जुनी गोष्ट सापडली. आंबेडकरी वाचकाने ती जरूर जाणून घ्यावी.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. ती उभी करणारे मंत्री ॲन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगर गावचे, खाणकामगाराचे पुत्र. वयाच्या तेराव्या वर्षी ते स्वतः खाणीत उतरले होते. गावातील कामगारांनी पगारातून वर्गणी काढून आपल्या औषधपाण्याची सोय केलेली त्यांनी पाहिली होती. तीच सोय त्यांनी अवघ्या देशासाठी केली. डॉक्टर, रुग्णालय, चष्मा, दातांची कवळी, सारे मोफत. ज्यांच्या तोंडात वर्षानुवर्षे चार-दोन किडके दात उरले होते, अशा गरिबांच्या रांगा दंतवैद्यांच्या दारात लागल्या.

ही सोय तीन वर्षेही धड टिकली नाही. कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रांसाठी पैसा हवा होता. १९५१ च्या अर्थसंकल्पात त्यांच्याच मजूर पक्षाच्या सरकारने कवळी आणि चष्म्याची निम्मी किंमत रुग्णाकडून घेण्याचे ठरवले. बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. गरिबाच्या कवळीसाठी एक मंत्री सत्ता सोडतो, ही गोष्ट लहान नव्हे! त्याच वर्षी, २७ सप्टेंबरला, परमपूज्य बाबासाहेबांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली परवड हे त्याचे मोठे कारण होते. दोन देश, दोन वेगळे प्रश्न. पण तत्त्वासाठी खुर्ची सोडणारी ही दोन माणसे एकाच वर्षातली, हे वाचून आम्ही थोडा वेळ थांबलो.

बेव्हन गेले आणि शुल्क राहिले. १९५२ मध्ये दातांच्या साध्या उपचारांवरही एक पौंड शुल्क बसले. तेव्हापासून ते वाढतच आले आहे. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेल्या दरानुसार इंग्लंडात कॅप, कवळी असल्या मोठ्या कामाला सरकारी दवाखान्यातही ३२६ पौंड ७० पेन्स द्यावे लागत होते. अठरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि बाळंतपणानंतर वर्षभर आया यांना ते माफ आहे. पण दर परवडला तरी जागा कुठे आहे? २०२२ मध्ये बीबीसी आणि तिथल्या दंतवैद्यांची संघटना यांनी दवाखान्यांची पाहणी केली. दहापैकी नऊ दवाखाने सरकारी योजनेत नवे प्रौढ रुग्ण घेत नव्हते. सरकार देते त्या मोबदल्यात अवघड कामाचा खर्च निघत नाही, अशी दंतवैद्यांची तक्रार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरातील सेंट पॉल्स या कष्टकऱ्यांच्या वस्तीत सरकारी रुग्ण घेणारा एक दवाखाना उघडला. नाव नोंदवायला रस्ताभर रांग लागली आणि ती आवरायला पोलीस आले. आमच्याकडे रेशनच्या रॉकेलला लागायची, तशी रांग!

मग माणसे सीमा ओलांडतात. ऑस्ट्रियाच्या सरहद्दीजवळ हंगेरीतील मोशोनमज्यारोवार हे छोटे गाव आहे. १९८९ नंतर सरहद्द मोकळी झाली, तसे ऑस्ट्रियाचे लोक तिथे दात करायला येऊ लागले. आज त्या गावाची ओळखच दंतवैद्यांचे गाव अशी आहे. ब्रिटनचे लोक स्वस्त विमानाने बुडापेस्टला जातात, तुर्कस्तानात इस्तंबूल-अंतल्याला जातात. अमेरिकेतले म्हातारे मेक्सिकोतील लॉस अल्गोदोनेस या सरहद्दीवरच्या गावात पायी जातात. सकाळी जायचे, दाढ दाखवायची, संध्याकाळी परत. अमेरिकेत वृद्धांसाठी १९६५ मध्ये मेडिकेअर ही सरकारी योजना आली, पण दातांची नेहमीची कामे तिच्यातून वगळली गेली. जणू तोंड हा शरीराचा भागच नाही.

जो सीमा ओलांडू शकत नाही त्याचे काय होते, तेही सांगतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा दाढेच्या गळूमुळे मेला. आई गरीब होती. गरिबांच्या योजनेतून पेशंट घेणारा दंतवैद्य वेळेवर मिळाला नाही. दाढ काढायला साधारण ८० डॉलर लागले असते. विष मेंदूपर्यंत गेले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, अडीच लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला, आणि पोर गेले.

आपल्या माणसांचा रस्ता उलटा आहे. ती मायदेशी येतात. बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टनमधले पंजाबचे आंबेडकरी बांधव जालंधरकडे येतात. आखातात राबणारा आपला पोरगा दोन वर्षांनी सुटीवर येतो तेव्हा लग्नकार्याबरोबर दातही उरकून घेतो. भारतात हे काम स्वस्त पडते ते डॉक्टर कमी शिकलेला आहे म्हणून नव्हे. जागेचे भाडे, मदतनिसाचा पगार, कॅप बनवणाऱ्या कारागिराची मजुरी, सारेच इथे कमी. तीनशेच्या वर दंत महाविद्यालये आहेत, त्यामुळे शहरांत गल्लोगल्ली दंतवैद्य झाला आहे आणि चढाओढ आहे. त्या चढाओढीची दुसरी बाजूही आहे. ती आमच्या लेकीने अनुभवली.

दुसऱ्याच दिवशी ती शहरातील एका चकचकीत दवाखान्यात गेली. "कुठून आलात?" या प्रश्नाला तिने सरळ उत्तर दिले आणि तिथेच फसली. इंग्लंड ऐकताच एका दाढेच्या सहा दाढा झाल्या. सहा कॅप आणि दोन इम्प्लांट सांगितले. "तुम्ही वारंवार येणार नाही, एकदाच करून टाका," असे वर समजावले. ती नर्स असूनही गडबडली. ठणका लागलेला माणूस कशालाही हो म्हणतो. आगाऊ रक्कम भरायला निघाली होती, पण आई बाहेर बाकावर बसून सारे ऐकत होती. ती म्हणाली, "आधी मेडिकलला दाखवू." नागपुरात सरकारी रुग्णालयाला लोक मेडिकल म्हणतात. तिथेच शासकीय दंत महाविद्यालय आहे. दुसऱ्या दिवशी मायलेकी तिथे रांगेत उभ्या राहिल्या. एक्स-रे निघाला. किडलेली दाढ एकच निघाली. दुसरीत वरवरची कीड होती, ती भरून भागली. सहापैकी चार दातांना तर काहीच झाले नव्हते.

चांगला दात घासून लहान केला की तो परत वाढत नाही, हे बंधुभगिनींनी पक्के लक्षात ठेवावे. कॅप बसवायला दाताचे वरचे कवच कायमचे खरवडावे लागते. तुर्कस्तानातून पांढरेशुभ्र दात करून आलेल्या तरुण पोरांचे हेच झाले. धडधाकट दातांचे खुंट झाले, पुढे नसा दुखू लागल्या, आणि ते निस्तरायला परत आपल्याच देशात पैसे भरावे लागले. ब्रिटनच्या दंतवैद्यांनी याबद्दल वारंवार इशारा दिला आहे.

इम्प्लांटचे तर तीन आठवड्यांत जमतच नाही, कारण हाडात बसवलेला स्क्रू हाडाशी जुळून यायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे दुसरी फेरी आलीच, आणि दुसऱ्या फेरीचे विमानभाडे हिशेबात धरणारे आम्हाला फारसे भेटले नाहीत. रूट कॅनाल आणि कॅप मात्र तीन आठवड्यांत होऊ शकते, पण आल्या आल्या पहिल्या दोन दिवसांत दवाखाना गाठला तरच. कॅप बनून यायला दिवस लागतात. ती बसवल्यावर चावून बघायला आठवडा हातात असावा. परतीच्या आदल्या दिवशी कॅप बसवून घेणारे पुढे पस्तावतात. कोणत्या दाताला काय केले याचा कागद आणि एक्स-रे मागून घ्यावेत. पुढचा डॉक्टर वेगळ्या देशातला असला तरी त्याला ते वाचता येतात. आणि गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मायदेशाची वाट बघत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इंग्लंडात १११ या क्रमांकावर फोन केला की तातडीच्या दंतोपचाराची सोय सांगतात. आमच्या लेकीला हे माहीत होते, पण "सूज आली नव्हती काका" म्हणून तिने दिवस ढकलले.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुले दरवर्षी बाहेर जातात. ब्रिटनला जाणारा विद्यार्थी २०२४ पासूनच्या दराने वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरतो. एवढे भरले म्हणजे दातही त्यात आले, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. दातांचे शुल्क वेगळे द्यावेच लागते. तेव्हा पोरगा बॅग भरतो त्या महिन्यात त्याला एकदा दंतवैद्याकडे न्या. लोणच्याची बरणी आपण आठवणीने बांधून देतो, अक्कलदाढेचा एक्स-रे कुणाला आठवत नाही.

मुंबईकरांना पालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्जेसच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आहे, मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगरचे आहे. रांग असते, शिकाऊ डॉक्टर हात लावतो म्हणून लोक नाक मुरडतात. पण त्याच्या मागे शिकवणारा उभा असतो, हे विसरतात. कारखान्यात असणाऱ्यांनी आपल्या ईएसआय रुग्णालयातही दंतविभाग आहे का ते विचारावे. तो कायदा १९४८ चा, आणि कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचे काम बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच सुरू झाले होते. आपला हक्क आहे तो.

भगवान बुद्धांनी भिक्षूंना दन्तकट्ठ, म्हणजे दातणाची काडी, वापरायला सांगितल्याचे विनयपिटकात आहे. तोंडाची दुर्गंधी जाते, अन्नाची चव लागते, असे त्याचे लाभही तिथे दिले आहेत. आमच्या वस्तीत मात्र सकाळी दातणाच्या जागी तंबाखूचे मंजन आणि दिवसभर खर्रा. लेकीची दाढ त्या दंत महाविद्यालयात भरली जात होती, तेव्हा आई बाजूला उभी होती. डॉक्टरीण मुलगी तिला सहज म्हणाली, "मावशी, तुमचं पण बघू का?" मावशींचे उभ्या आयुष्यात कुणी तोंड बघितले नव्हते. दोन दाढा हलत होत्या, ते तिला माहीत होते. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तो माहीत नव्हता. डॉक्टरिणीने नखाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला तेव्हा लेक परत ड्युटीवर रुजू झाली होती. आम्हीच तो आणायला गेलो. कॅन्सर नाही. पण तंबाखू सुटला नाही तर तो चट्टा पुढे काय करील याची हमी कुणी देत नाही, दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असे त्या मुलीने बजावले. त्या रात्री लेकीचा इंग्लंडहून फोन आला. आईने सांगितले, "डबी फेकली."

फेकली होती खरी. चौथ्या दिवशी दुसरी आणली, मग तीही फेकली. सध्या बडीशेप चालू आहे. पुढची तारीख सोमवारी आहे, सकाळी आठच्या बसने आम्हीच तिला घेऊन जाणार आहोत.