सोळा नंबर मोकळा ठेवा

नरपडशी माझी ओळख चिकूच्या वाड्यांपुरती आणि संध्याकाळच्या फेरफटक्यापुरतीच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका बोटीत वृद्ध तांडेलकाकांजवळ जाऊन बसलो. त्यांच्या हातातल्या वायरलेस सेटमधून कुणीतरी सिनेमाचे गाणे ऐकवीत होता. काकांच्या कपाळाला आठी पडली.

"सर, हा सोळा नंबर. इथं गाणी म्हणायची नसतात."

मराठी शिकविणाऱ्या माणसाला फ्रिक्वेन्सी म्हणजे परिभाषाकोशातली 'वारंवारता', एवढेच ठाऊक! काकांनी बोटीला बांधलेली दोरी हलवून दाखविली. सावकाश हलविली की लाट लांब, भरभर हलविली की आखूड. १६ नंबरची लहर सेकंदाला १५ कोटी ६८ लाख हेलकावे घेते, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ, लांबी दोन मीटरांहून थोडी कमीच. चॅनेल म्हणजे अशा ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला दिलेला नंबर. दोघांचे नंबर जुळले तरच बोलणे. ६ नंबर बोटीबोटींतल्या बोलण्याचा; १६ मात्र साऱ्या जगाने संकटातल्या हाकेसाठी राखलेला. तिथे 'मेडे' असे तीनदा म्हणायचे. हा शब्द १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत मान्य झाला. 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचे ते इंग्रजी वळण. शब्दांच्या अशा भटकंतीचे मला भारी कौतुक, काकांना नव्हते.

"शब्द कुठलाही असो, पोचला पाहिजे," ते म्हणाले.

पोचत नाही तो असा. बटण दाबून बोलणाऱ्याला त्या वेळी दुसऱ्याचे ऐकू येत नाही. आणि दोघे एकदम बोलले तर जवळचा जोरकस आवाज दूरच्या क्षीण आवाजाला गिळून टाकतो. शिवाय ही लहर बहुतेक सरळ रेषेत जाते, त्यामुळे हातातल्या दोन सेटांची गाठ समुद्रावर दहा-बारा किलोमीटरांपलीकडे सहसा पडत नाही. म्हणजे ऐकणारे मुळातच थोडे.

एका रात्री काकांचे इंजिन बंद पडले, बोटीत पाणी शिरू लागले. त्यांनी १६ वर हाका मारल्या. उत्तरादाखल ऐकू आली ती दुसऱ्याच कुठल्या बोटीच्या इंजिनाची धडधड! कुणाच्या तरी सेटचे बटण जाळ्याच्या ढिगाखाली दबून राहिले होते. तासभर ती धडधड थांबली नाही. पाणी उपसून उपसून चार खलाशांचे हात सोलले. पहाटे दुसऱ्या बोटीला त्यांचा पेटविलेला बोळा दिसला, म्हणून वाचले.

सेटमधले गाणे चालूच होते. कडवे संपेपर्यंत काका थांबले. मग बटण दाबून म्हणाले, "दादा, सोळा सोडा. गाणी घरी म्हणा."

क्षणभर खरखर झाली. मग शांत. काकांनी सेट कानाशी धरून पाहिला आणि तसाच, सोळावर ठेवून, जाळे विणायला घेतले.